सामूहिक उपज आणि ‘इंडो-जॅझ’ : १९६० ते १९६९

‘इंप्रोव्हिझेशन’ ह्या संज्ञेस मराठीत ‘उपज’ हा प्रतिशब्द सहज सुचतो. तथापि तो पुरता समानार्थी नव्हे. आपल्या मैफलीत उपज ही मुख्यत्वे एका कलावंताची असते. गायक रागाची बढत करतो, तबलजी ठेका धरून ठेवतो, संवादिनी गायकाच्या मागोमाग जाते. जुगलबंदीतही दोघे बहुधा आळीपाळीनेच बोलतात. अनेकांनी एकाच वेळी, कोणीही कोणाचा साथीदार न होता, रचना सिद्ध करावी, ही कल्पना निराळी आहे. न्यू ऑर्लीन्सच्या आरंभीच्या जॅझमध्ये कॉर्नेट, क्लॅरिनेट व ट्रॉम्बोन एकत्र उपज करीत, हे खरे. परंतु लय व स्वरसंहतींचा क्रम तेथे आधीच ठरलेला असे. ही चौकटच सैल करण्याचा प्रयत्न १९६०च्या सुमारास झाला. त्याच्या लंडनमधील शाखेशी मुंबईच्या व गोमंतकीय वादकांचा संबंध आला, म्हणून मराठी अभ्यासकाने तिची दखल घेणे अगत्याचे आहे.

ह्या शाखेचे प्रवर्तक जो हॅरियट हे आल्टो सॅक्सोफोनवादक होत. १९२८ साली जमेकात जन्मलेले हॅरियट १९५१ मध्ये इंग्लंडला आले. सामूहिक उपजेवर उभारलेली त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका ‘फ्री फॉर्म’ नोव्हेंबर १९६० मध्ये मुद्रित झाली. अमेरिकेत ऑर्नेट कोलमन ह्यांनी दोन चतुष्कांना एकत्र आणून ‘फ्री जॅझ’ मुद्रित केली, ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात. केवळ ह्या तारखांवरून अग्रक्रमाचा वाद मांडणे योग्य नाही, कारण कोलमन ह्यांचे नवे प्रयोग १९५८-५९ पासूनच प्रसिद्ध होत होते. मात्र हॅरियट ह्यांची पद्धती त्यांची स्वतःची होती. स्थिर तालमात्रा, चार मात्रांची अखंड लय, मूळ धून व तिच्यामागील अपेक्षित स्वरसंहती, आणि आवर्तनांची ठराविक विभागणी हे जॅझचे घटक मानून, प्रत्येक रचनेत त्यांपैकी निदान एक तरी राखावा, असा त्यांचा दंडक होता.

ह्या दंडकाचे मर्म संभाषणाच्या दृष्टान्ताने स्पष्ट होते. बोलताना वाक्य अपुरे राहिले किंवा शब्दक्रम उलटला, तरी अर्थ कळतो. सर्व नियम एकदम मोडले, तर मात्र केवळ ध्वनी उरतो. तेव्हा सामूहिक उपज ही नियमांपासूनची सुटका नव्हे. कोणता नियम राखावयाचा हे परस्परांचे ऐकत ऐकत ओळखणे, हेच तिचे शास्त्र.

पुढील टप्पा ‘इंडो-जॅझ स्वीट’ (१९६६) हा होय. कलकत्त्यात जन्मलेले व्हायोलिनवादक जॉन मेयर हे तिचे रचनाकार. ‘राग मेघ’ व ‘राग गौड-सारंग’ ही तिच्यातील चारांपैकी दोन रचनांची नावे. हॅरियट ह्यांच्या पंचकासमोर मेयर ह्यांनी दुसरे पंचक बसविले. त्यात सतारीवर दिवाण मोतिहार, तंबोऱ्यावर चंद्रहास पैगणकर आणि तबल्यावर १९२८ साली मुंबईत जन्मलेले केशव साठे होते. ‘दुहेरी पंचक’ हे ह्या मेळाचे नावच त्याचे स्वरूप सांगते. दोन संघ शेजारी बसले. त्यांना जोडणारा दुवा मेयर ह्यांची लिखित स्वरलिपी हा होता. ‘फ्री फॉर्म’मधील संवादाची जागा येथे लेखनाने घेतली, असे म्हणावे लागते.

साठे व मोतिहार ह्यांचा प्रवास मात्र तेथेच थांबला नाही. १९६७ साली जर्मनीत मुद्रित झालेल्या ‘जॅझ मीट्स इंडिया’ ह्या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी पियानोवादिका इरेन श्वाइत्सर ह्यांच्या त्रयीसह वादन केले. ही त्रयी युरोपातील मुक्त जॅझच्या आघाडीवर होती.

तिसरा टप्पा १९६९ सालच्या ‘हम दोनों’चा. ह्यात हॅरियट ह्यांचे सहप्रमुख गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा होते. १९३६ साली मुंबईतील गोमंतकीय कुटुंबात जन्मलेले डिसिल्वा १९६७ मध्ये लंडनला गेले. ‘इंटिग्रेशन’ ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिकाही १९६९ चीच. ‘हम दोनों’मध्ये सतार नाही, तबला नाही, दोन पंचकेही नाहीत. ‘बॅलड फॉर गोवा’ व ‘जयपूर’ ही नावे भारताची आठवण देतात. परंतु येथे भारतीयत्व वाद्यांत शोधावयाचे नसून एका वादकाच्या स्वरवाक्यांत शोधावयाचे आहे. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, गिटार आणि नॉर्मा विन्स्टन ह्यांचा शब्दरहित कंठ एकाच मेळाचे घटक आहेत.

ह्या तीन टप्प्यांना सरसकट ‘पूर्व-पश्चिम मीलन’ म्हणण्याचा प्रघात आहे. तो सोडला पाहिजे. कोणती वाद्ये एकत्र आली, हा प्रश्न दुय्यम होय. कोणास उपजेचा अधिकार होता व कोणाकडे केवळ साथ होती, हा मुख्य. त्या कसोटीवर १९६६ चा सुप्रसिद्ध प्रयोग १९६० च्या व १९६९ च्या ध्वनिमुद्रिकांहून अधिक सनातनी ठरतो. हॅरियट १९७३ च्या जानेवारीत विपन्नावस्थेत वारले. डिसिल्वा ह्यांचे १९९६ मध्ये निधन झाले. सत्तरीच्या दशकातील त्यांचे ‘कोंकण डान्स’ हे मुद्रण प्रसिद्ध झाले ते २००६ मध्ये. साठे व पैगणकर ह्यांची नावे तर बहुधा वादकांच्या यादीपुरतीच आढळतात. सामूहिक कलेचा इतिहास एकेका नायकाच्या नावे लिहिला गेला, की साथीदार असेच गळतात. त्यांस परत आणावयाचे तर ती यादी हेच पहिले साधन मानून ध्वनिमुद्रिका पुन्हा ऐकल्या पाहिजेत.