खानदेशातील समाज, बोली आणि इतिहास : एक ओळख

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या प्रदेशास आपण खानदेश म्हणतो. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याचे डोंगर, पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी, अशी या भूमीची रचना आहे. १९८७ साली नाशिक धर्मप्रांताची स्थापना झाली आणि हा भाग त्यात समाविष्ट झाला. बाहेरच्या माणसास खानदेश म्हणजे केळी, कापूस आणि वांग्याचे भरीत एवढेच ठाऊक असते. प्रत्यक्षात येथे अनेक समाज आपापली बोली व चालीरीती सांभाळून शेजारी शेजारी नांदत आले आहेत. त्यांचा थोडक्यात परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

प्राचीन काळ व राजवटी

चाळीसगावजवळील पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचापासून केलेले मणी सापडले. ते सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे मानले जातात. याच पाटणे परिसरात १२०७ सालचा एक शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. आभीर राजा ईश्वरसेन याचा तिसऱ्या शतकातील लेख नाशिकच्या लेण्यांत असून, आभीर अथवा अहिर या नावाशीच 'अहिराणी' या बोलीचा संबंध जोडला जातो.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस मलिक राजा याने थाळनेर येथे फारुकी घराण्याची सत्ता उभारली. पुढे बुऱ्हाणपूर ही राजधानी झाली. या घराण्याच्या 'खान' या किताबावरून खानदेश हे नाव पडले असे एक मत आहे. 'कान्हदेश' हे मूळ रूप असावे असे दुसरे. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकी राज्य संपले. त्यानंतर मोगल, निजाम व मराठे यांच्या अमलाखाली राहून १८१८ मध्ये हा प्रदेश इंग्रजांकडे गेला. १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला.

डोंगरातील समाज

सातपुड्याच्या पायथ्याशी व दऱ्याखोऱ्यांत भिल्ल, पावरा व बारेला, साक्रीकडे कोकणा, तर नवापूर भागात मावची समाजाची वस्ती आहे. यावल, रावेर व चोपडा तालुक्यांत तडवी भिल्ल राहतात. त्यांनी इस्लाम स्वीकारला, तरी भिल्ल म्हणून असलेली ओळख सोडली नाही. होळीपूर्वी भरणारा भोंगऱ्या बाजार हा पावरा व भिल्ल समाजाच्या वर्षातील मोठा आनंदाचा प्रसंग असतो.

इंग्रजी अमलास डोंगरातील भिल्लांनी दीर्घकाळ विरोध केला. त्यांना वश करण्यासाठी सरकारने १८२५ मध्ये भिल्लांचीच एक पलटण उभारली आणि ते काम जेम्स औट्रम याच्याकडे सोपविले. १८५७ च्या उठावात खाजा नाईक व भीमा नाईक यांच्या नेतृत्वाखाली भिल्ल पुन्हा उठले व १८५८ मध्ये आंबापाणी येथे मोठी चकमक झाली. शालेय पुस्तकांत हे नायक क्वचितच भेटतात.

मैदानातील समाज

तापी, गिरणा व पांझरा यांच्या काठच्या काळ्या जमिनीत मराठा, माळी, कोळी, गुजर, लेवा पाटीदार अशा अनेक समाजांची शेती आहे. चाळीसगाव, जामनेर भागात बंजारा समाजाचे तांडे असून त्यांची गोरबोली स्वतंत्र आहे. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया आणि श्रावणातील कानबाई हे येथले मोठे सण. मराठीतील 'मला' अहिराणीत 'माले' होते आणि लेवा गणबोलीत 'मले'. अहिराणी माणूस 'आहे' न म्हणता 'शे' म्हणतो. एवढ्या एका शब्दावरून गावकरी समोरच्याचा मुलूख ओळखतात.

या लेवा गणबोलीतच आसोदे गावच्या बहिणाबाई चौधरी यांनी ओव्या रचल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. जळगावच्या विद्यापीठास २०१८ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले.

रेल्वे व कापूस

१८६० च्या दशकात भुसावळपर्यंत रेल्वे आली. त्याच दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे हिंदी कापसाला मोठी मागणी आली. कापसामुळे व्यापारी आले, गिरण्या निघाल्या. रेल्वेमुळे देशाच्या नाना भागांतील कामगार भुसावळला स्थायिक झाले. त्यांत गोवेकर व अँग्लो-इंडियन ख्रिस्ती कुटुंबेही होती.

बोलींचे आजचे चित्र

जनगणनेत 'खानदेशी' या शीर्षकाखाली अहिराणी व तिच्याशी निगडित बोलींची नोंद होते. २००१ मध्ये अशा भाषकांची संख्या सुमारे २० लाख ७५ हजार होती. २०११ मध्ये ती १८ लाख ६० हजारांवर आली. त्याच दहा वर्षांत देशभरातील भिली भाषकांची संख्या मात्र वाढून एक कोटीच्या पुढे गेली. मातृभाषा कोणती, हे प्रत्येक कुटुंब स्वतः सांगते. घरात अहिराणी बोलणाराही नोंद करताना 'मराठी' सांगू शकतो. म्हणूनच हे आकडे बोलणाऱ्यांची संख्या दाखवितात तसे बोलीविषयीच्या अभिमानाचे किंवा संकोचाचेही माप देतात. शाळेत व नोकरीत प्रमाण मराठी हवी, यात शंका नाही. परंतु त्यासाठी मुलाने आजीची बोली विसरावी असे नाही.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी परक्या देशातून येऊन येथल्या लोकांची भाषा शिकून घेतली आणि १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण दिले. आपल्या धर्मग्रामांत तर पावरा, कोकणा, अहिराणी बोलणारी माणसे एकाच बाकावर बसतात. घरातील वडीलधाऱ्यांची गाणी, म्हणी व गावाच्या आठवणी त्यांच्याच बोलीत लिहून अथवा ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात, अशी वाचकांना आमची नम्र विनंती आहे. हे काम आजी-आजोबा आपल्यात आहेत तोवरच होऊ शकते.