घोंगडी म्हणजे काय? ती कशी विणतात आणि खरी कशी ओळखायची?

एखादं काम वर्षानुवर्षं रखडलं की त्याचं ‘भिजत घोंगडं’ झालं म्हणतात. जाड लोकरीचं घोंगडं एकदा चिंब भिजलं की लवकर वाळत नाही, म्हणून हा वाक्प्रचार. तो सगळ्यांच्या तोंडी आहे, पण हातमागावरची खरी घोंगडी अनेकांनी पाहिलेलीही नसते.

घोंगडी होते दख्खनी मेंढीच्या लोकरीची. ही लोकर भरड आणि बहुतेक काळी असते. स्वेटरला ती चालत नाही, अंथरायला मात्र दणकट. यवतमाळ जिल्हा कापसाचा, तरी पुसद-उमरखेड भागात हटकर धनगर आणि तेलंगणाच्या सीमेकडे कुरमार मेंढपाळ आहेत. सीमेपलीकडे तेलुगूत हिला ‘गोंगडी’च म्हणतात, कन्नडमध्ये ‘कंबळी’. पश्चिम महाराष्ट्रात विणकाम मुख्यतः सनगर आणि खुटेकर धनगरांकडे.

मेंढी वर्षातून साधारण दोनदा कातरतात. एका मेंढीची वर्षाची लोकर जेमतेम अर्धा ते एक किलो, आणि घोंगडीचं वजन दोन-तीन किलो. म्हणजे एका घोंगडीमागे चार-पाच मेंढ्या तरी आल्याच. लोकर पिंजून चरख्यावर सूत काढायचं काम बहुधा घरातल्या बायका करतात. मग उघड्यावर ताणा बांधून त्याला चिंचोक्याची खळ लावतात. खळ नसेल तर हे केसाळ सूत मागावर एकमेकांत अडकून तुटतं. खळ वाळायला ऊन लागतं, त्यामुळे पावसाळ्यात काम थंडावतं. विणकर जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो आणि पायांनी माग चालवतो. रंग बहुतेक वेळा मेंढीचाच, काळ्यात पांढरा पट्टा असला तरी.

मेंढपाळासाठी घोंगडी म्हणजे अंथरूण, पांघरूण आणि डोक्यावर खोळ करून घेतली की पावसातलं छप्पर. खंडोबाच्या जागरणात ती आसन म्हणून अंथरतात. आता शहरातल्या घरात ती दिवाणावर किंवा थंडगार फरशीवर दिसते.

अडचण वेगळीच आहे. कातरणीचा खर्चही लोकर विकून निघत नाही, म्हणून अनेक ठिकाणी ती फेकून दिली जाते. पैसा मटणात आहे, त्यामुळे मेंढपाळ कमी लोकरीच्या, जास्त वजनाच्या माडग्याळ मेंढीकडे वळले. स्वस्त यंत्रमागाच्या ब्लँकेटांनी उरलेलं गिऱ्हाईक नेलं.

‘अस्सल घोंगडी’ म्हणून मिसळीचा मालही विकला जातो. कडेचा एक धागा जाळून पाहावा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. कृत्रिम धागा वितळून त्याची टणक गोळी होते. पाठदुखी किंवा रक्तदाब बरा होतो, अशा जाहिरातींवर मात्र विसंबू नये.

नवी घोंगडी खळीमुळे कडक असते आणि टोचतेही. त्यावर चादर घालावी, वापराने ती मऊ पडते. वॉशिंग मशिनमध्ये टाकली तर आटते. झटकून उन्हात टाकावी आणि ठेवताना कसर लागू नये म्हणून घडीत कडुनिंबाचा सुका पाला घालावा.