वेगळी चूल

गडचिरोलीहून धानोरा, मुरूमगाव करत मानपूरच्या रस्त्याने निघालं की कधीतरी महाराष्ट्र संपतो. जंगल तेच, मोहाची झाडं तीच. फक्त पाट्यांवरचं मराठी जाऊन हिंदी येतं. हा रस्ता पुढे राजनांदगावला पोचतो. परवा त्याच रस्त्याने जाताना भाचीने दिलेली एक इंग्रजी कादंबरी वाचत होतो. फ्रान्सिन रिव्हर्सची 'रिडीमिंग लव्ह', १९९१ सालची. १८५०चा कॅलिफोर्निया, सोन्यासाठी धावत आलेली माणसं, एक देवभोळा शेतकरी आणि वेश्यावस्तीतून आणलेली त्याची बायको. ती पुन्हा पुन्हा पळून जाते, तो पुन्हा पुन्हा क्षमा करतो. बायबलच्या जुन्या करारातल्या होशेय संदेष्ट्याची गोष्ट लेखिकेने त्या सरहद्दीवर नेऊन ठेवली आहे. तिकडे अशा कादंबऱ्यांचा एक प्रकारच आहे म्हणतात.

वाचता वाचता मनात आलं, अशी गोष्ट आपल्याकडे घडलेली आहे की! आणि तिची सुरुवात मी जिथे चाललो होतो तिथल्याच वाटेवर झाली.

१८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता. हा सगळा मुलूख चांदा जिल्ह्याचा पूर्व भाग होता (गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ मध्ये). राजनांदगाव हे शेजारचं छोटं संस्थान. बैरागी महंतांची गादी, आणि नव्याने आलेली रेल्वे. तिथे टिळकांना नोकरी मिळाली होती. गाडीत एक गोरा प्रवासी भेटला. कवितेवरून बोलणं निघालं, ते धर्मावर गेलं. उतरताना त्याने नव्या कराराची प्रत हातात दिली आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला.

बायकोला न सांगता.

लक्ष्मीबाईंचं वय तेव्हा सव्वीस. लग्न झालेलं १८८० साली, म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या असताना. न सांगता घरातून निघून जायचं आणि हातातले पैसे कोणालाही देऊन टाकायचे, हा नवऱ्याचा स्वभाव त्यांना माहीत होता. पण प्रत्येक वेळी तो परत यायचा. आता परत येण्याची वाटच बंद झाली. त्यातून माहेर इतकं सोवळं की वडील बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घेत. पदरात लहानगा दत्तू. बाईने जायचं कुठे?

इथे कायद्याची एक गोष्ट सांगायला हवी. १८६६ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाबरोबर त्याची हिंदू बायको किंवा नवरा नांदायला तयार नसेल, तर कोर्टातून लग्न मोडता यायचं आणि दुसरं करता यायचं. म्हणजे टिळकांना ती मोकळीक होती. लक्ष्मीबाईंना मात्र कोणत्याच बाजूने सुटका नव्हती. ना धड सवाष्ण, ना विधवा. टिळकांनी ती वाट धरली नाही. पत्रं लिहीत राहिले, वाट बघत राहिले. चारपाच वर्षं अशी गेली.

मग लक्ष्मीबाई नवऱ्याकडे, अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) गेल्या. पण कशा गेल्या ते बघा. ख्रिस्ती होऊन नाही. आपलं सोवळं सांभाळत, वेगळी चूल मांडून, वेगळं पाणी भरून. एरवी 'वेगळी चूल' म्हणजे घर फुटल्याची खूण. इथे मात्र मोडलेलं घर त्या वेगळ्या चुलीनेच पुन्हा सुरू झालं!

मला वाटतं, खरी क्षमा ही होती. पुढे जातीपातीविषयी त्यांचं मन हळूहळू बदललं, माणसामाणसांत भेद देवाने केलेला नाही असं त्यांना पटलं आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. धर्मोपदेशक सांगतील की श्रद्धा आली म्हणून क्षमा आली. तारखा मात्र उलट सांगतात. क्षमा आधी आली, आणि ती करताना बाई पुरती सोवळ्यातली होती. 'झालं गेलं विसरले' असं त्यांनी म्हटलं नाही. विसरल्या असत्या तर चाळीस वर्षांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली नसती. १९३४ साली त्याचा पहिला भाग आला. त्यात नवऱ्याचा प्रत्येक तऱ्हेवाईकपणा नोंदलेला आहे, आणि तरी वाचताना आपण हसतो. हिशेब चोख ठेवायचा पण वसुली करायची नाही, अशी ती क्षमा.

टिळक १९१९ मध्ये गेले. त्यांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. पुढचे साठाहून अधिक अध्याय त्यांचे. ज्या पुस्तकापायी संसार उधळला, त्याच पुस्तकातल्या कथेचं काव्य शेवटास नेलं ते शाळेचं तोंड न पाहिलेल्या त्या बाईने.

आता थोडं घरातलं. आमच्या मोठ्या काकांनी चंद्रपूरच्या एका ख्रिस्ती नर्सबाईंशी लग्न केलं. आजी आरमोरीची. अकरा वर्षं ती त्यांच्या घरी गेली नाही. मग एक दिवस मला म्हणाली, "चल, गाडीत बसव." सोबत आपला पितळी तांब्या, त्यात घरचं पाणी, वर वाटी झाकलेली. काकूने पाणी पुढे केलं तर म्हणाली, "माझं माझ्यापाशी आहे, बाई." आणि दिवसभर त्या तांब्यातलं पाणी पीत नातवंडांना मांडीवर घेऊन बसली.

मी तेव्हा कॉलेजात होतो. परतीच्या बसमध्ये मी तिला हसलो. "एवढं आलीस तर पाणी का नाही प्यालीस? नुसतं ढोंग!" ती काही बोलली नाही. पुढे दोनदा गेली, दोन्ही वेळा तांब्या घेऊनच. मग गेलीच.

मला वाटत होतं, तिने अर्धीच क्षमा केली. अकरा वर्षांचं अंतर ओलांडायला तिच्याजवळ जे होतं ते घेऊन ती आली होती, हे मला दिसलंच नाही. काकूला मात्र दिसलं असावं. तिने तो तांब्या मागून घेतला. आज तिच्या देवघरात, म्हणजे येशूच्या तसबिरीखाली, तो चिंच लावून लखलखीत घासलेला असतो.

कादंबरी मी पुरी केली, बरी आहे. पण त्यातल्या सरहद्दीवर माणसं फार लवकर एकमेकांच्या मिठीत पडतात. आपल्याकडची सरहद्द स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी असते, आणि ती ओलांडायला कधी वर्षं लागतात, कधी एक तांब्या.

असो. आजीची माफी मागायची राहिली.