येरवड्यातील वाचन

१८ मार्च १९२२ रोजी गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली. येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी तेवढ्याच मुदतीचा अभ्यासक्रम आखला आणि वाचून संपविलेल्या ग्रंथांची नोंद रोजनिशीत ठेविली. महाभारत, गिबनचा रोमचा इतिहास, शिवाय उर्दू व तमिळ भाषा! पन्नाशी उलटलेला हा विद्यार्थी क्षणाक्षणाचा हिशेब ठेवीत होता. पुढे आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि ५ फेब्रुवारी १९२४ रोजी सुटकाही झाली. देशाला आनंद झाला. अभ्यास मात्र मध्येच तुटला. बंदिवानाच्या संकल्पाला निदान शिक्षेची मुदत होती. मोकळ्या माणसाच्या वाचनाला अशी मुदत त्याच्यावाचून दुसरे कोण घालून देणार?