थापी, ओळंबा आणि करारातले एक कलम

वर्तमानपत्रात निविदा सूचना दिसली की आपण पान उलटतो. जिल्हा परिषदेची शाळाखोली, पाझर तलावाची दुरुस्ती, गावाचा जोडरस्ता. पुढे अंदाजित रक्कम, बयाणा, मुदत आणि खाली कार्यकारी अभियंत्याची सही. ही सूचना ज्या छापील करारावर उभी असते तो करार मात्र ठेकेदाराखेरीज फारसे कोणी वाचत नाही, आणि ठेकेदारही सगळा वाचत असेल असे नाही.

महाराष्ट्रात सार्वजनिक बांधकामाच्या या कराराचा एक जुना नमुना आहे, त्याला 'बी-१' म्हणतात. त्यातली दोन कलमे शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. एक सांगते की अभियंत्याने लेखी आदेश दिला तर ठेकेदाराने दुष्काळी मजूर, कैदी किंवा सांगितलेल्या वर्गातले मजूर कामावर घेतले पाहिजेत. दुसरे सांगते की ठेकेदाराने १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा पाळला पाहिजे. न पाळल्यास तो करारभंग, आणि अधीक्षक अभियंता करार रद्दही करू शकतो. पहिल्या कलमाला इंग्रजी अमलाचा वास आहे, दुसऱ्यात स्वतंत्र भारताची उमेद आहे. दुष्काळी मजूर आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिले. शिकाऊ उमेदवार मात्र आमच्या भागातल्या एखाद्या शाळाखोलीच्या बांधकामावर मला आजवर भेटलेला नाही.

असे का झाले, हे समजून घ्यायला जरा मागे जावे लागेल.

आपल्याकडे गवंडी, पाथरवट, सुतार, बेलदार, वडार यांच्या घरातच शाळा होती. पोरगा आधी माल कालवायचा, मग विटा द्यायचा, मग एक दिवस बाप त्याच्या हाती थापी द्यायचा. ओळंबा, गुण्या, पाणसळ ही त्याची पाठ्यपुस्तके. परीक्षा एकच, भिंत सरळ आली की नाही. या शाळेचा दोष असा की तिचा दाखला कोणाला मिळत नसे आणि जातीबाहेरच्याला तिथे सहसा प्रवेश नसे.

इंग्रजांनी १८५० साली शिकाऊंसाठी कायदा केला, पण तो मुख्यतः अनाथ आणि गरीब मुलांना एखाद्या धंद्यात बांधून देण्यासाठी होता. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणून तो आपल्याला लागूही नव्हता. १८५४ साली पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग निघाला, तोही सार्वजनिक बांधकामांसाठी हाताखालचे अधिकारी तयार करायला. म्हणजे देखरेख करणाऱ्यासाठी सरकारने शाळा काढली. ज्याच्यावर देखरेख करायची त्याच्यासाठी नाही. माझ्या मते पुढच्या साऱ्या गोष्टीचे मूळ इथे आहे.

१९६१ चा कायदा १९६२ च्या मार्चपासून लागू झाला. कारखान्यांसाठी तो बऱ्यापैकी चालला. आयटीआय झालेला मुलगा एखाद्या कारखान्यात वर्षभर उमेदवारी करी आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडे. बांधकामावर मात्र तो पोचला नाही, कारण बांधकाम हा एका जागी उभा राहणारा कारखाना नव्हे. ठेकेदार काम घेतो, त्यातला भाग दुसऱ्याला देतो, तो मुकादमाला सांगतो, मुकादम गावोगावची माणसे आणतो. हजेरीपटावर कोणाचीच माणसे पुरेशी दिसत नाहीत. शिवाय शाळाखोली सहा महिन्यांत पुरी होते. उमेदवारी त्याहून लांबली तर ठेकेदार त्या मुलाला पुढे कुठे ठेवणार?

त्यातच १९७२ चा दुष्काळ आला. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. नालाबांध, पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणे यांवर माणसे जगली. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि त्याचे मोल मी कधीही कमी लेखणार नाही. पण त्यात हमी होती ती 'अकुशल' कामाची. २००५ च्या केंद्रीय कायद्यातही तोच शब्द आला. त्याच काळात पैठणचे धरण उभे राहिले. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केले, आणि २०८ किलोमीटरचा डावा कालवा आपल्या जिल्ह्यातून परभणीकडे गेला. अशा कामांवर किती माणसे दगड लावायला, काँक्रीट ओतायला शिकली असतील! पण काम संपले आणि ती पुन्हा अकुशलच्या अकुशल राहिली. कागदावर शिकल्याची नोंदच नव्हती.

२०१४ साली कायदा सुधारला. कामगाराच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत आलेला मजूरही धरला गेला; तुरुंगाची शिक्षा जाऊन दंड आला. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक केले. मोठ्या कंपन्यांना हे पेलते. तालुक्याच्या ठेकेदाराला ३० चा आकडा लागतच नाही, आणि गावची कामे तर तोच करतो.

म्हणून खरा प्रश्न कायद्याचा नसून निविदेचा आहे. निविदा भरताना ठेकेदाराची आर्थिक कुवत, पूर्वीची कामे, यंत्रसामग्री हे सारे तपासतात. 'तुझ्याकडे कोणी शिकते आहे का' हे कोणी विचारत नाही. विजेच्या कामात पाहा: ठेकेदाराला परवाना लागतो, तारतंत्रीलाही परवाना लागतो, कारण चूक झाली तर झटका लगेच बसतो. भिंतीचा झटका वीस वर्षांनी बसतो, आणि तो वर्गात बसलेल्या मुलांना बसतो.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात सार्वजनिक कामावर साधारणपणे कुशल कारागिराच्या पाच तासांमागे शिकाऊ कारागिराचा एक तास भरावा लागतो. तिथल्या काही स्थानिक संस्था तर मान्य उमेदवारी योजनेत सहभागी नसलेल्या ठेकेदाराची निविदाच घेत नाहीत. त्यावर तिथेही वाद आहे. लहान ठेकेदार बाहेर पडतो, बोली वाढते, असे विरोधक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. आपल्याकडे हा नियम जसाच्या तसा आणला तर मजूर सहकारी संस्था आणि नुकता पदवी घेतलेला बेरोजगार अभियंता हेच आधी मरतील. त्यापेक्षा तालुक्यातल्या सगळ्या लहान कामांचे मिळून शिकाऊ ठेवावेत, त्यांची नोंद आयटीआयकडे असावी, मुलगा एका कामावरून दुसऱ्यावर जावा आणि त्याचे विद्यावेतन अंदाजपत्रकातच धरावे. सिमेंट आणि वाळूचा दर धरतो, तसाच शिकवण्याचाही धरावा.

जालन्याच्या लोखंडी सळया देशभर जातात. ती सळई वाकवून बांधणारा हात मात्र सहसा बिनदाखल्याचा असतो. माझ्याकडे सातवीपर्यंत शिकलेला एक विद्यार्थी आज उत्तम गवंडी आहे. समृद्धी महामार्गाचे काम चालू असताना तो तिथे विचारायला गेला, तर त्याला प्रमाणपत्र विचारले गेले. ते नव्हते, म्हणून मदतनिसाच्या दराने लागला. पुढे तो मला म्हणाला, "सर, मी शिकलो ते खरं, पन कुनापाशी शिकलो ते लिहिलेलं न्हाई."

करारातले ते कलम त्याच्यासाठीच होते.