उचल (ऊसतोडणीचा करार)

ऊसतोडणीच्या हंगामासाठी मुकादमाने मजुराला आगाऊ दिलेली रक्कम, आणि ती फिटेपर्यंत तोडणी करण्याचा त्यासोबतचा करार. बीड आणि आसपासच्या कोरडवाहू तालुक्यांतले मजूर उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात कारखान्यांवर जातात. उचल मिळते ती हंगामाआधी, हाताला काम नसताना. लग्न, दवाखाना, जुनी देणी यांत ती संपलेली असते. साधारण दिवाळीच्या सुमारास टोळी निघते आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, फडावर राहते. मजुरी टनावर असते व उचलीतून वळती होते. हिशेब मुकादम ठेवतो. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर जाते.

करार माणशी नसून ‘कोयत्या’चा असतो: नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते. बायको बरोबरीने तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून गाडी भरते; कराराच्या कागदावर मात्र तिचे नाव सहसा नसते. ही या कराराची सर्वांत अन्याय्य बाजू आहे. काम चुकले की ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात, मग कारण ताप असो, पाळी असो वा बाळंतपण. बीड जिल्ह्यात ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण 2019 मध्ये चर्चेत आले, तेव्हा राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. खाड्याची धास्ती हे त्यामागचे एक कारण म्हणून पुढे आले.

कारखाना वाहतूकदाराशी करार करतो, वाहतूकदार मुकादमाशी, मुकादम मजुराशी. शेवटचा करार अनेकदा तोंडी, नाहीतर मुद्रांक कागदावर अंगठा घेऊन होतो. त्यामुळे अपघात झाला की मालक कोण, इथूनच वाद सुरू होतो. तोडणीचा दर कारखान्यांचा संघ आणि मजूर संघटना यांच्यात ठरतो. जानेवारी 2024 च्या समझोत्यात 34 टक्के वाढ मिळाली. दर वाढला, उचलीची पद्धत तशीच राहिली.

वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, 1976 नुसार कर्जापोटी माणसाला कामाला बांधणारा करार रद्दबातल ठरतो आणि ते कर्ज फेडण्याची जबाबदारीही संपते. किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर राबवणे ही संविधानाच्या अनुच्छेद 23 खालील सक्तीची मजुरीच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितले. बाकी फिटली नाही म्हणून मजुराला अडवून ठेवणारी उचल या कसोट्यांवर टिकत नाही. कारखान्याने प्रत्येक स्त्री-पुरुष मजुराशी स्वतंत्र लेखी करार करावा आणि मजुरी ज्याच्या-त्याच्या खात्यात जमा करावी.