ले. जन. शंकरराव थोरात : दुर्लक्षित इशाऱ्याचा सेनानी

कोल्हापूरचे सेनानी लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात (१९०६-१९९२) सँडहर्स्ट येथे शिकून १९२६ मध्ये लष्करी अधिकारी झाले. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील कांगावच्या लढाईत त्यांना 'डीएसओ' हा सन्मान मिळाला. त्याच ब्रिगेडमधील थिमय्या व एल. पी. सेन या भारतीय बटालियनप्रमुखांनाही तो लाभला. १९५३-५४ मध्ये कोरियातील युद्धकैदी सांभाळणाऱ्या भारतीय दलाचे थोरात प्रमुख होते.

मात्र त्यांचे नाव इतिहासात राहिले ते १९५९ च्या टिपणामुळे. लखनौस पूर्व विभागाचे प्रमुख असताना त्यांनी चिनी आक्रमणाचा अंदाज मांडला : शत्रू नेफामध्ये कोणत्या वाटांनी उतरेल, त्याला कोठे अडवावे, किती फौज लागेल. सीमेवरच्या विखुरलेल्या चौक्या टिकणार नाहीत, मागे भक्कम फळी धरून लढावे, हा त्याचा गाभा. मार्च १९६० च्या 'लाल किला' सरावात तो तपासला गेला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना तो भयगंडाचा वाटला. थिमय्यांनी शिफारस करूनही १९६१ मध्ये लष्करप्रमुखपद थापर यांना मिळाले आणि थोरात निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी चीनने हल्ला केला. हे टिपण आपल्याला का दाखविले नाही, असे नेहरूंनी नंतर विचारल्याचे थोरातांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. प्रश्न रास्त होता. वेळ मात्र टळून गेली होती.

निवृत्तीनंतर ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. घरातील पुढच्या पिढीने अर्थक्षेत्र निवडले : पुत्र यशवंत थोरात नाबार्डचे अध्यक्ष झाले, तर स्नुषा उषा थोरात रिझर्व्ह बँकेच्या डेप्युटी गव्हर्नर.